चन्नप्पाची लंका

लंकेतल्या सिगिरिया नावाच्या खडकाला बाराशे पायऱ्या आहेत.

होडीच्या तळाला काच होती. काचेखाली पिवळे मासे.

नक्षी काढणाऱ्या रज्जाकची उजवी करंगळी कडेनं निळी. शाई कितीही धुतली तरी जात नाही.

चन्नप्पाला बायकोनं, नागम्मानं, चाळीस कडक भाकऱ्या बांधून दिल्या होत्या. रामेश्वरहून लंकेला जाणाऱ्या बोटीवर सहलीतल्या मद्रासच्या रंगारी मंडळींनीच त्यातल्या निम्म्या फस्त केल्या.

चादरीवरच्या मोराच्या पिसाऱ्यात एकोणीस डोळे होते.

"सांग की रे अप्पा," रज्जाक म्हणाला. "लंकेहून आलास, आन् हितं तोंड शिवून बसलास."

"काय सांगू रज्जाकभाई? पाऊसच लागला. धुकं सगळं. काय दिसलंच न्हाय."

"मग तोंड कशानं भाजलंय?"

चहा घेऊन आलेली रज्जाकची बायको जमीला पदरात हसली. चन्नप्पानं काळवंडलेल्या नाकावरून हात फिरवला आणि बशीत चहा ओतला.

सोलापुरात, निदान त्यांच्या कारखान्यात तरी, एक रीत होती. नक्षी ज्याच्या मागावर पहिल्यांदा चढेल, तिला त्याचं नाव पडायचं. माळ्यावर बसून चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवणाऱ्याचं नाव कुणी घेत नसे. मोर रज्जाकनं काढला, पाच महिने डोळे फोडून. पण तो चढला चन्नप्पाच्या मागावर. म्हणून तो चन्नप्पाचा मोर.

चौऱ्याहत्तर साली एका रंगाच्या कंपनीनं नक्षी काढणाऱ्यासाठी बक्षीस लावलं: दहा दिवस लंकेची सहल. मोर पहिला आला. खाली येऊन मालकांनी विचारलं, "हा मोर कुणाचा?" माग थांबवून दहा जण ओरडले, "चन्नप्पाचा!" चन्नप्पा मान खाली घालून उभा राहिला. गडी लाजतोय, असं सगळ्यांना वाटलं. रज्जाक तेव्हा माळ्यावर कागद रंगवत होता.

"डोंगरात बायकांची चित्रं हायत म्हणं," रज्जाक म्हणाला. "हजार-दीड हजार वर्सांची. बघितलीस?"

"बघितली."

"हातात फुलं हायत ना त्यांच्या? बोटं कशी वळवलीत?"

चन्नप्पानं बशी खाली ठेवली. सिगिरियाच्या लोखंडी जिन्यावर तो त्या चित्रांपुढे उभा राहिला होता, पण मागची माणसं ढकलत होती आणि त्याला माथा गाठायचा होता. तो पळत वर गेला. वर वाऱ्यानं त्याची टोपी उडाली, खाली हिरवंगार रान पसरलेलं, आणि चाळीस वर्षांचा चन्नप्पा एकटाच मोठमोठ्यानं हसत सुटला. दुसऱ्या दिवशी समुद्रात गळ्यापर्यंत उतरला. त्या दोन दिवसांत त्याला रज्जाक एकदासुद्धा आठवला नाही. घरी आल्यापासून त्याला खात होतं ते हेच.

"बोटं न्हाय बघितली," तो म्हणाला. "तुमी असता तर बघितली असती. रज्जाकभाई, ती सहल तुमची व्हती. मी उद्या मालकांना सांगतो."

"काय सांगतोस? आता लंका परत करणार हायस व्हय?" रज्जाकनं चौकटीचा कागद पुढे ओढला. "ते ऱ्हाऊ दे. मान कुठल्या बाजूला झुकलीय, ते तरी सांग."

चन्नप्पानं आठवून आठवून मान सांगितली. कमरेच्या वस्त्राचा रंग सांगितला. बोटं रज्जाकनं आपल्या मनानं काढली. चारदा खोडली, पाचव्यांदा ठेवली.

पावसाळ्यानंतर त्या बाईच्या नक्षीची चादर चढली, चन्नप्पाच्याच मागावर. रुंद माग तेवढा एकच होता. पहिला हात विणून झाल्यावर तो माग थांबवून मोठ्यानं म्हणाला, "ऐका रे! ही नक्षी रज्जाकभाईंची हाय. मोर पण त्यांचाच."

"व्हय व्हय, कळलं," शेजारच्या मागावरचा धुळाप्पा म्हणाला. "लंका फिरून आलास तू, आन् बाई त्यांची? लई मोठ्या मनाचा झालास की!"

सगळे हसले. दुपारपर्यंत चादरीला नाव पडलं: चन्नप्पाची लंका. चन्नप्पानं आणखी दोनदा सांगून पाहिलं. मग मागाचा धोटा सुरू झाला आणि त्या आवाजात कुणाचंच काही ऐकू येईना.

पासपोर्टाचा अर्ज इंग्रजीत होता. चन्नप्पाला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून सहलीआधी, फेब्रुवारीत, तो रज्जाकनंच भरून दिला होता. धंद्याच्या रकान्यात 'चादरीची नक्षी काढणे' हेही त्यानंच लिहिलं होतं.