ऑफसाईड न्हाय तं फुटबॉल कसला?

आठ वर्षांखालच्या मुलांची फुटबॉल लीग ही सुमतीची कल्पना. भिवंडीतल्या एका मराठी शाळेत ती पीटी शिकवायची. नियम तिने मुलांच्या मापाने कापून घेतले होते. संघात पाचच मुलं, बॉल लहान, गोल लहान, ऑफसाईड नाही, थ्रो चुकला तर पुन्हा टाकायचा. पहिले दोन रविवार छान गेले. मग केसरीनाथशेठ सामना बघायला आले.

मैदान त्यांचंच होतं. मानकोलीची त्यांची बरीचशी भातशेती गोदामांखाली गेली होती. उरलेला एक तुकडा त्यांनी नातवासाठी, भाविकसाठी, रोलर फिरवून सपाट करून दिला होता. त्या वर्षीचा वर्ल्डकप त्यांनी लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टर लावून पाहिला होता, आणि फुटबॉलमधलं आता आपल्याला कळायचं काही राहिलेलं नाही अशी त्यांची खात्री झाली होती.

"मॅडम, ऑफसाईड न्हाय तं फुटबॉल कसला?"

"शेठ, सात-सात वर्षांची मुलं आहेत. अर्ध्यांना आपला गोल कुठला तेच आठवत नाही."

"म्हनून तं शिकवायचा. आता खोटा खेल शिकली, तं मोठेपनी खोटाच खेलतील."

बाकीच्या पालकांनी माना डोलावल्या. तहसील कचेरीतले श्रीनाथ तर म्हणाले, "आमच्या सईलाही खरा अनुभव मिळू दे की."

सुमतीने पुष्कळ समजावलं. पुढच्या रविवारी ती मैदानात पोहोचली तेव्हा तिथे पांढरा रंग दिलेले, मोठ्या माणसांचे लोखंडी गोल उभे होते आणि अकरा-अकरा मुलं रांगेत होती. परत फिरावं असं तिला वाटलं. पण मुलं बूट घालून तयार होती. तिने शिट्टी वाजवली.

मैदान रिकामं राहिलं आणि सगळी मुलं बॉलभोवती गुळाला मुंगळे लागावेत तशी जमली. त्या घोळक्यातून भाविक निसटला की समोर फक्त सई, सहा वर्षांची गोलकीपर. बॉल तिच्या डोक्यावरून जायचा आणि ती उडीही मारायची नाही, नुसती वर बघायची.

बघता बघता सात गोल झाले. आठव्या वेळी बॉल यायच्या आधीच भाविक सगळ्यांच्या पुढे, सईजवळ जाऊन उभा होता. सुमतीने ऑफसाईड दिला.

"मी काय केलं, बाई?" भाविक रडवेला झाला.

"तू पुढे होतास."

"पण पुढेच जायचंय ना?"

तेवढ्यात रेषेवरून शेठचा आवाज आला, "ऑफसाईड कसली, मॅडम? पोरगा मेहनतीनं गेला तिकरं!"

श्रीनाथ ओरडले, "ऑफसाईडच आहे! नियम म्हणजे नियम!" मग सगळेच ओरडायला लागले, मराठीत आणि हिंदीत.

सुमतीचं डोकं फिरलं. गळ्यातली शिट्टी काढून तिने शेठच्या हातात ठेवली. "उरलेला सामना तुम्ही घ्या. मला जमत नाही."

शेठ मोठ्या रुबाबात आत गेले. पहिला थ्रो चुकीचा ठरवला, दुसराही चुकीचा, तिसऱ्याला टाकणारा मुलगा मैदानातच फतकल मारून बसला. एकाची लेस सुटली, शेठनी ती बांधली. लगेच चौघांनी पाय पुढे केले. एकाला शू लागली. शेठना धाप लागली. आणि पलीकडे सई गोलात बसून रडत होती.

"काय झाला गं?"

"गोल खूप मोठा आहे, आजोबा."

शेठनी वर पाहिलं. हात उंच केला. दांडी त्यांच्याही हाताला लागेना. मग पायांतल्या चपला काढून त्यांनी दोन बाजूंना ठेवल्या. "या दोन चपलांच्या मधून गेला तरच गोल." भाविकच्या संघातली दोन मुलं त्यांनी सईकडे पाठवली आणि जाहीर केलं, "ऑफसाईड बंद!"

सामना संपल्यावर त्यांनी पालकांना गोळा केलं. "मी इचार केला. पोरांना लहान गोल पायजे, पोरा कमी पायजेत."

"वा शेठ! अनुभवी माणूस!" श्रीनाथ म्हणाले.

सुमतीला रडावं की ओरडावं कळेना. "अहो, हेच नियम होते! तुम्हीच बदलले!"

"होते ना," शेठ शांतपणे म्हणाले. "पन तवा मी शिट्टी मारली नव्हती."

तिने कपाळावर हात मारला. मग तिच्या लक्षात आलं की हा माणूस आत्ता जे बोलेल ते सगळे ऐकतील.

"शेठ, एक राहिलं. रेषेबाहेर दोरी बांधू, मोठ्यांनी तिच्यामागे उभं राहायचं आणि ओरडायचं नाही. हेही तुम्हीच सांगा."

"मी पन न्हाय ओरडायचा?"

"तुम्ही तर मुळीच नाही."

शेठनी तोंड वाकडं केलं, पण सांगितलं, आणि तेही ओरडूनच.

पुढच्या रविवारी रेषेपासून बऱ्याच अंतरावर दोरी बांधली होती. पाच-पाच जण खेळत होते. पेनल्टी नेमकी किती पावलांवरून, असं श्रीनाथांनी दोनदा विचारलं. सुमतीने दोन्ही वेळा ऐकू न आल्यासारखं केलं. शेठ दोरीमागे तोंडात टॉवेल कोंबून उभे होते. मैदानात फक्त मुलांचा आवाज होता. "इधर दे! सई, पकड! अरे, आपला गोल तिकडे आहे!"