पाठ फिरवा

लग्नाचं कापड घ्यायला राजधानीला, आसुन्सिओनला जाऊ, असं सांगून तेओदोलिनाबाईंनी लिब्रादाला सकाळच्या बसमध्ये बसवलं. होणारी सासू आपणहून कापडाचं नाव काढते, यावर लिब्रादाचा काही विश्वास बसला नव्हता. पण आर्सेनियो एवढा हरखला होता की तिने तोंड मिटून जायचं ठरवलं.

लिब्रादा उंचीने साडेतीन फूट. हात-पाय आखूड, कपाळ मोठं, चाल डुलती. ओव्हिएदोच्या बस स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारायचं काम तिच्याकडे होतं. आर्सेनियो त्याच रस्त्यावर बस चालवायचा आणि आधी तो तिच्या आवाजाच्या प्रेमात पडला. एक दिवस धीर करून केबिनचं दार ढकललं, तर खुर्चीत दोन उशांवर बसलेली लिब्रादा दिसली. "अरेच्चा! एवढा आवाज ठेवतेस कुठे?" तो बोलून गेला. "तुझ्या डोक्यात बरीच जागा रिकामी दिसतेय, तिथे ठेवीन म्हणते," लिब्रादा म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तो रोज यायला लागला.

तेओदोलिनाबाई विधवा. गावात सगळे त्यांना मानाने 'न्या तेओ', म्हणजे तेओबाई, म्हणायचे. आर्सेनियो एकुलता एक. सून अनाथाश्रमातली, नन्सनी वाढवलेली, हे त्यांनी एक वेळ गिळलं असतं. पण ती अशी, हे काही केल्या घशाखाली उतरत नव्हतं.

आसुन्सिओनला उतरल्यावर त्या कापडबाजाराकडे वळल्याच नाहीत. दोन चौक चालून एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या जुन्या इमारतीपुढे थांबल्या. दारावर पाटी होती, शरीररचना संग्रहालय.

"इथे कापड मिळतं?" लिब्रादाने विचारलं.

"कापड नंतर. आधी हे बघ."

"न्या तेओ, सरळ सांगा की काय ते."

"सांगून कळतं का तुम्हा पोरींना? आत चल."

आत औषधी पाण्याचा उग्र वास होता. डोळे चुरचुरत होते. पहिल्या दालनात काळीज, फुप्फुसं, खिडकीत वाळत घातल्यासारखी अंथरलेली शिरांची जाळी. तेओदोलिनाबाई तिथे थांबल्या नाहीत. पदर नाकाशी धरावा तसा रुमाल नाकाशी धरून त्या थेट मागच्या दालनात गेल्या. तिथल्या भिंतीला फळ्या होत्या आणि फळ्यांवर काचेच्या बरण्या. बरण्यांमध्ये जन्मण्याआधी गेलेली, नाहीतर जन्मताच गेलेली बाळं.

"बघ," त्या म्हणाल्या. "नीट बघ. हे तू माझ्या पोराच्या मांडीवर ठेवणार आहेस. त्या वरच्याचं डोकं बघ. त्याला हात तरी आहेत का? पुढच्या आळीतली रामोना पूर्वी इथे झाडायला होती, तिने सांगितलं मला. बघ, डोळे मिटू नकोस."

"मी कुठे मिटलेत? तुम्हीच फरशीकडे बघताय."

ते खरं होतं. तेओदोलिनाबाईंची नजर आत आल्यापासून वर गेली नव्हती.

लिब्रादाने मात्र एकेक बरणी पाहिली. लहानपणी आश्रमात स्वयंपाकीण रागावली की म्हणायची, "तुला बरणीतच घालायला हवं होतं." त्या बरणीचं भय लिब्रादाच्या उरात कायम घर करून होतं. आता ती समोर होती. आतल्या बाळाच्या मुठी वळलेल्या होत्या, पापण्या मिटलेल्या होत्या, कानाची पाळी कुणाच्याही कानासारखी होती. तिला जे वाटलं ते भय नव्हतं. कुणाची असतील ही, एवढंच तिच्या मनात आलं.

"पाहिलं," ती म्हणाली. "आता?"

"आता लग्नाला नाही म्हण. तू नाही म्हटलंस तर तो ऐकेल. माझं ऐकत नाही."

"मग माझंही ऐकणार नाही. आणि मी म्हणणारही नाही."

तेवढ्यात दालनात शाळेची मुलं शिरली. निळे गणवेश, एकमेकांना ढोपरं मारणं, नाकं दाबणं. बरोबर एक पोक्त नन आणि पुढे पांढरा कोट घातलेला एक विद्यार्थी, माहिती सांगणारा. त्याने मुलांना कोपऱ्यातल्या एका सांगाड्यापुढे उभं केलं. लोखंडी दांडीला अडकवलेला, आखूड हातापायांचा, मोठ्या कपाळाचा. लिब्रादाएवढाच.

"ही बुटकेपणाची केस. स्त्री, वय अंदाजे पन्नास," तो सांगू लागला. "मांडीचं हाड बघा, केवढं तोकडं..."

मुलं मांडीचं हाड बघत नव्हती. एकेक मान वळली आणि सगळी लिब्रादाकडे बघायला लागली. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. विद्यार्थ्यानेही वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"सेन्योरिता, नशीबच म्हणायचं आमचं! एक मिनिट इकडे याल? हिच्या शेजारी जरा उभ्या राहा. म्हणजे मुलांना नीट कळेल."

लिब्रादाचे कान तापले. निघून जावं, असं पायांना वाटत होतं. दार उघडंच होतं. पण निघून गेलं तर हसणारा जिंकला, हे ती शाळेत असल्यापासून जाणून होती. ती डुलत डुलत पुढे गेली, सांगाड्याशेजारी उभी राहिली आणि मुलांकडे तोंड केलं.

"उभी राहिले," ती म्हणाली. "आता तुम्ही मला सांगा. हिचं नाव काय?"

"नाव... नोंद नाही," विद्यार्थी म्हणाला. "जुनी गोष्ट आहे. धर्मादाय इस्पितळात वारली. न्यायला कुणी आलं नाही."

"मग हिला विचारलं होतं का कुणी, की बाई, मेल्यावर इथे उभी राहशील का?"

"तसं विचारायची पद्धत नव्हती तेव्हा."

"आणि आज मला विचारलंत, ती काय पद्धत झाली?"

विद्यार्थी ओशाळला. कोटाच्या खिशात हात घालून काहीतरी शोधायला लागला.

लिब्रादाने सांगाड्याकडे पाहिलं. एवढी वर्षं जगली ही. चुलीशी स्टूल ओढलं असेल, बाजारात गर्दीच्या कोपरांखालून वाट काढली असेल, कुणाला जीव लावला असेल. आणि शेवटी न्यायला कुणी नाही. आपल्यालाही आर्सेनियो सोडला तर कोण होतं? मग तिला असा राग आला की तो छातीत मावेना.

तिने श्वास घेतला आणि स्टँडवरचा आवाज काढला. बसचा हॉर्न, फेरीवाल्यांचा गलका, सगळ्यावर मात करणारा.

"लक्ष द्या! सगळ्यांचं बघून झालंय. हिला पुष्कळ वर्षं लोकांनी पाहिलं, आता जरा उसंत द्या. सगळ्यांनी पाठ फिरवा!"

बरण्यांची काच थरथरल्यासारखी वाटली. पुढच्या रांगेतली एक मुलगी दचकून वळली. मग तिच्या शेजारचा, मग सगळी रांग. फिसकन हसणारा शेवटी वळला, पण वळला. ननबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि त्याही भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. दालनात इतकं शांत झालं की बाहेरच्या आंब्यावरचे पोपट ऐकू यायला लागले.

"हे काय चालवलंय?" विद्यार्थी भानावर आला. "सेन्योरिता, हे संग्रहालय आहे. इथे तमाशा करायचा नाही!"

"तमाशा?" तेओदोलिनाबाई मागून कडाडल्या. रुमाल कधीच खाली आला होता. "तमाशा तू मांडलास रे, कोटवाल्या! माझ्या सुनेला खांबाशी उभं करतोस? तुझ्या आईला उभं कर तिथे, आणि मोज तिची हाडं!"

मुलं पाठ फिरवलेल्या अवस्थेतच खदाखदा हसली. लिब्रादाने कुणाकडेही न बघता सांगाड्याच्या पायाचं हाड एकदा हलकेच धरलं, सोडलं आणि बाहेर पडली.

आंब्याखालच्या बाकावर दोघी बसल्या. तेओदोलिनाबाईंनी थर्मासमधलं बर्फाचं पाणी तेरेरेच्या पेल्यातल्या चहापाल्यावर ओतलं, नळीने एक घोट घेतला आणि पेला लिब्रादापुढे धरला. तिने घेतला नाही.

"आता काय झालं? तुझ्या बाजूने बोलले ना मी?"

"बोललात. पण मला तिथे नेलं कुणी?"

"त्या पोराने तुला असं..."

"त्याने मला पाच मिनिटं उभं केलं, न्या तेओ. तुम्ही तर जन्मभर उभं करायच्या बेताने आणलं होतंत. तो परका होता. तुम्ही नव्हतात."

तेओदोलिनाबाईंनी पेला परत घेतला. थर्मासचं झाकण त्यांनी घट्ट फिरवलं. "मला भीती वाटते," त्या अखेरीस म्हणाल्या. "पोरं तशी झाली तर लोक काय म्हणतील, कसं जगतील ती..."

"माझ्यासारखी जगतील. लोक म्हणतील ते म्हणतील, आम्ही उत्तर देऊ. मी आर्सेनियोशी लग्न करणार. मुलं झाली तर होऊ देणार. तुम्हाला यायचं असेल तर या. पण पुन्हा मला भीती दाखवायला कुठे नेऊ नका. मी चांगलं बघून घेतलंय, आता माझ्यावर ते चालणार नाही."

कापड तिने एकटीनेच घेतलं. पांढरं नाही, लालभडक.

लग्नाला तेओदोलिनाबाई आल्या, पण काळ्या कपड्यांत, मयताला यावं तशा. चर्चमध्ये कुजबुज झाली. लिब्रादा त्यांच्या बाकाशी थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "छान दिसतो हा रंग तुम्हाला. नाचायला मोकळे कपडे बरे." आर्सेनियोने हसू दाबायला खोकला काढला.

दुसऱ्या वर्षी पोट चिरून मुलगी झाली. आखूड हातांची, मोठ्या कपाळाची, फुप्फुसं मात्र दणकट. डॉक्टरांनी फार मऊ आवाजात विचारलं, विद्यार्थ्यांना शिकवायला बाळाचे फोटो काढले तर चालतील का. "विचारलंत, हे बरं केलंत," लिब्रादा पडल्या पडल्या म्हणाली. "नाही चालणार." मुलीचं नाव त्यांनी फेलिसियाना ठेवलं.

तेओदोलिनाबाई बोलावल्याशिवाय आल्या आणि मग जायचं नाव काढेनात. माफी त्यांनी मागितली नाही. लिब्रादानेही ती मागितली असं धरून घेतलं नाही. दोघी एका स्वयंपाकघरात वावरत. मीठ कमी-जास्त झालं की भांडत, आणि त्या दिवसाचा विषय कुणी काढत नसे.

एकदा बाजारात मक्याच्या पिठाच्या ढिगाऱ्याशी ओळखीची पीठवाली तेओदोलिनाबाईंच्या कडेवरच्या नातीकडे वाकून म्हणाली, "बिचारी! डॉक्टरांना काही करता आलं नाही का?"

"आलं की," तेओदोलिनाबाई म्हणाल्या. "बाहेर काढली त्यांनी. पुढचं आम्ही बघू. तू पीठ मोज, आणि बोट काढ तराजूवरून."

लिब्रादा मागेच उभी होती. तिने ऐकलं. पिठाची पिशवी उचलली, मुलगी सासूच्या कडेवरच राहू दिली आणि गर्दीच्या कोपरांखालून वाट काढत पुढे चालायला लागली.