दोन्ही हात

गुरुबसप्पांनी उजव्या पायातली चप्पल काढली, खुर्चीखाली नीट सारून ठेवली आणि अनवाणी पायाने मधलं पेडल चाचपून पाहिलं. ते गार होतं आणि त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा बरंच अरुंद.

“चप्पल असू द्या की काका,” रुद्राणी म्हणाली. “सगळे तसेच बसतात.”

“भाचा अनवाणी चालवतो. म्हणजे, तसं म्हणाला तो. मी त्याच्यासाठीच बघतोय.”

“किती वर्षांचा आहे भाचा?”

गुरुबसप्पांनी मांडीवरच्या वहीकडे पाहिलं. वहीत बारीक अक्षरात बावीस मुद्दे लिहिलेले होते. हा प्रश्न त्यांत नव्हता.

“कॉलेजात आहे.”

“उंचीला कसा आहे? पेडल किती लांब लावायचं ते त्यावर ठरतं.”

“असेल माझ्याएवढाच.”

रुद्राणीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग ती खाली वाकली आणि पेडलची पाटी दोन बोटं मागे घेऊन तिने स्क्रू आवळले.

नवी पेठेतल्या बोळात, जिना चढून वर, तिचं दुकान होतं. अर्ध्या भागात कॉम्प्युटर दुरुस्तीला आलेले, उरलेल्या अर्ध्यात गाड्यांच्या शर्यतींच्या खेळांचं सामान. तीन टेबलांना तीन स्टेअरिंगं जखडलेली होती. खिडकीपाशी तिचे वडील मडिवाळप्पा भाजलेल्या शेंगा सोलत बसले होते. पस्तीस वर्षं ट्रक चालवून झाल्यावर आता घरी करमत नाही म्हणून दुपारी येऊन बसायचे.

“वही भरून आणलीय की तुमी,” ते म्हणाले. “काय लिवलंय यवडं?”

“काही नाही. सवय आहे. वाचनालयात होतो मी, ग्रंथपाल. वाचल्याशिवाय काही घेता येत नाही.”

“गाडी चालवायची पुस्तकं पण असत्यात?”

“असतात.” गुरुबसप्पा ओशाळं हसले. “मी गाडी शिकलो त्याच्या आधी दोन वाचली होती. साठाव्या वर्षी शिकलो.”

आणि एवढं बोललो ते जास्त झालं असं वाटून ते पुन्हा वहीत पाहू लागले.

रुद्राणीने त्यांना पहिलं स्टेअरिंग दाखवलं. ते पुरता एक फेराही फिरत नव्हतं, पायाखालचा ब्रेक स्प्रिंगवर होता. दुसरं खऱ्या गाडीसारखं अडीच फेरे फिरे, खड्ड्यात चाक गेलं की हातात थरथर जाणवे. भाच्याला हे पुरेल, तिने सांगितलं. आता ते बसले होते ते तिसऱ्यासमोर.

“याचा ब्रेक पाय किती खाली गेला ते बघत नाही. तुम्ही किती जोर लावला ते मोजतो. इथं कोपऱ्यात ही लाल पट्टी दिसते ना, जेवढं दाबाल तेवढी भरते.”

“म्हणजे दाबलाच नाही, तर रिकामी राहील.”

“दाबलाच नाही तर कशी भरेल?” ती हसली.

गुरुबसप्पांनी ते वहीत लिहून घेतलं. लिहिताना वही धरलेला डावा हात जरा वाकडा राहिला. मनगटात धातूची पट्टी बसवलेली होती, थंडीत ती दुखायची.

त्या हाताचं डॉक्टरांना नवल वाटलं होतं. स्टेअरिंग धरलेल्या माणसाचं मनगट असं मागे मोडत नाही, ते म्हणाले होते. हात कशावर टेकवला होता का? गुरुबसप्पांना सांगता आलं नव्हतं. गेल्या जानेवारीतली ती संध्याकाळ त्यांच्यापाशी अर्धीच होती. नातेपुत्याहून साखरपुडा उरकून निघाले होते. अकलूज मागे पडलं होतं. शेजारच्या सीटवर त्यांची बायको गिरिजा नवऱ्या मुलीच्या साडीबद्दल सांगत होती, रंग चांगला पण काठ फार... आणि तिथेच ते वाक्य थांबत होतं. पुढे काठ फार काय, हे अकरा महिने त्यांना आठवलं नव्हतं. श्रीपूरच्या अलीकडे, अंधारत असताना, उसाच्या दोन ट्रॉल्या दिव्याशिवाय रस्त्यावर उभ्या होत्या, हे त्यांना नंतर सांगण्यात आलं.

दोष ट्रॉल्यांचाच, असं सगळे म्हणाले. पण पंचनाम्यात एक ओळ होती: रस्त्यावर ब्रेक लागल्याच्या खुणा दिसून येत नाहीत. हल्लीच्या गाड्यांच्या खुणा उमटतच नाहीत, असं शेजाऱ्यांनी समजावलं. गुरुबसप्पांनी मान हलवली. मग गाडीचे फोटो आले. डावी बाजू उरलीच नव्हती. उजवी बाजू, त्यांची, तशीच होती. आरसासुद्धा फुटला नव्हता. भेटायला आलेल्यांत गिरिजाचा भाऊ बाहेरच्या खोलीत कुणाला तरी हळू आवाजात म्हणाला होता, “चालवणारा माणूस आधी स्वतःला वाचवतो. ते काही मुद्दाम नसतं.” तो चांगला माणूस होता. त्याने ते समजून घेण्यासाठीच म्हटलं होतं.

त्या दिवसापासून गुरुबसप्पांना दोनच गोष्टी हव्या होत्या. आपला पाय ब्रेकवर गेला होता का? आणि स्टेअरिंग आपण स्वतःकडे ओढलं का? विचारायला कुणी नव्हतं. पाय आणि हात तेवढे उरले होते.

“हे महाग आहे काका,” रुद्राणी म्हणाली. “उगीच मोठं घेऊ नका. पोरांना आठ दिवसांत कंटाळा येतो.”

“नाही, ब्रेक खरा पाहिजे.” ते थांबले. चष्मा काढून पुसला. “यात... रस्त्यावर ट्रॅक्टर असतात का? उसाच्या ट्रॉल्या वगैरे?”

मडिवाळप्पांचा शेंग सोलणारा हात थांबला.

“असतात की. आपल्याकडच्याच पोरांनी केलेला रस्ता आहे एक. म्हशीसुद्धा आडव्या येतात.” रुद्राणी माउस फिरवत होती. “ट्रॉल्या मध्येच उभ्या असतात, दिवा नसतो, काही नसतं. दरवेळी जागा बदलते.”

“वेळ संध्याकाळची लावता येईल?”

“येईल.”

“सहा पस्तीस?”

तिने मान वर केली. “सहा पस्तीसच?”

“भाच्याला तीच वेळ आवडते,” गुरुबसप्पा म्हणाले आणि त्यांचे कान तापले.

रुद्राणीने वेळ लावली. त्यांनी वही पिशवीत घातली आणि पिशवी डाव्या हाताच्या खुर्चीवर ठेवली. पडद्यावर दोन्ही बाजूंना ऊस उभा राहिला. वर आभाळ करड्या रंगाचं होतं. पाट्या मराठीत होत्या. त्यांनी दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले, श्वास घेतला आणि पाय हळूच दाबला.

गाडी चाळीसवर गेली आणि चाळीसवरच राहिली.

“काका, मागनं बैलगाडी हॉर्न देईल आता.”

“देऊ दे की,” मडिवाळप्पा म्हणाले. “मालकाची गाडी हाय. तू बोलू नको.”

गुरुबसप्पांना हसू आलं. गिरिजाही हेच म्हणायची. तुम्ही गाडी चालवत नाही, वाचता. प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून. वाचनालयातली मुलं त्यांना सर म्हणत, म्हणून गाडीत बसली की तीही चिडवायला सर म्हणायची. दोन्ही हात स्टेअरिंगवर, सर. किती वेळा म्हणायची ती हे. आणि ते प्रत्येक वेळी हो हो म्हणत.

एक पूल गेला, एक वळण गेलं. स्टेअरिंग हातात हलकं थरथरत होतं, डांबर खराब असल्यासारखं. ते साठवर आले. इथे ती साडीचं सांगत होती, असं त्यांच्या मनात आलं, आणि उसाच्याच रंगाचं काहीतरी समोर रस्ताभर उभं होतं.

आवाज मोठा झाला. स्टेअरिंगला हिसका बसला. मग पडदा स्तब्ध झाला.

मग मडिवाळप्पा हसले.

“पिशवी कुटं पळून चालली हुती काय वो सर?”

गुरुबसप्पांनी खाली पाहिलं. त्यांचा डावा हात स्टेअरिंगवर नव्हता. तो शेजारच्या खुर्चीसमोर आडवा होता, बोटं फाकलेली, तळवा पिशवीवर दाबून धरलेला. पिशवी पडू नये म्हणून धरावा तसा. मनगटातून कळ येत होती.

“आमचा पण जायचा की तसाच हात,” मडिवाळप्पा म्हणाले. “हिची आई केबिनमधी बसली, की ब्रेक मारायच्या आधी हात तिच्या म्होरं. वरडायची लई. म्हनायची, मी काय पोतं हाय व्हय, घसराय?” त्यांनी एक शेंग तोंडात टाकली. “शिकिवलेलं नसतंय ते कुणी. बायको शेजारी बसली, की हात आपला आपनच जातोय.”

गुरुबसप्पांनी हात मागे घेतला नाही. घ्यावा हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. ते त्या हाताकडे पाहत होते, जणू पुष्कळ दिवसांपूर्वी कुणीतरी नेलेलं पुस्तक परत आलं होतं आणि त्यावर कुणाचं नाव घालायचं ते कळत नव्हतं.

“ब्रेक मात्र एकदम बरोबर, काका,” रुद्राणी म्हणाली. “बघा, पट्टी पूर्ण भरली.”

पट्टी वरपर्यंत लाल होती. यासाठीच ते आले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

“फक्त एक हात सुटला ना, तिथं चुकलं.” तिने पडद्यावर बोट ठेवलं. गाडी उजवीकडे फिरलेली होती आणि डावी बाजू ट्रॉलीखाली होती. “उजव्या हाताने ती उजवीकडे ओढली गेली. दोन्ही हात असते, तर सरळ थांबली असती. परत बघा. आता सोडू नका.”

ती शिकवणाऱ्याच्या उत्साहाने म्हणाली. तिच्या जागी कुणीही तेच म्हटलं असतं.

दोन्ही हात स्टेअरिंगवर, सर. गिरिजा हे म्हणायची तेव्हा दर वेळी काय करायची, ते त्यांना आत्ता आठवलं. आपल्या समोर आडवा आलेला त्यांचा हात ती मनगटाला धरून उचलायची आणि परत स्टेअरिंगवर नेऊन ठेवायची.

दुसऱ्या वेळी त्यांनी स्टेअरिंग इतकं घट्ट धरलं की नखं पांढरी झाली. ऊस, पूल, वळण. या वेळी ट्रॉल्या वळणाच्या पुढेच होत्या. डावा खांदा हलला. त्यांनी दात आवळून हात जागेवर ठेवला. लाल पट्टी भरली. गाडी सरळ रेषेत फरफटत गेली आणि ट्रॉलीच्या मागे वीतभर अंतरावर उभी राहिली. इंजिन चालू होतं. काचेवर उसाची पानं टेकली होती.

“वाचलात की!” रुद्राणीने टाळी वाजवली. “बघा, ओरखडा नाही. दोन्ही बाजू शाबूत!”

गुरुबसप्पा उभ्या गाडीकडे पाहत राहिले. मग मान डावीकडे वळली. खुर्चीवर कापडी पिशवी होती, तिच्यातून वहीचा कोपरा बाहेर आलेला.

“काका?”

“हं.”

“हेच करू का पॅक? भाच्यासाठी?”

“भाचा...” ते म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पण पुसायचं विसरून तसाच हातात धरला.

मडिवाळप्पांनी शेंगांची टरफलं कागदात गोळा केली. लेकीकडे पाहून हलकेच मान हलवली. रुद्राणीने उघडलेलं खोकं पुन्हा मिटवलं.

“पाणी देऊ का काका?”

“नको.” गुरुबसप्पांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “अजून एकदा चालवू का? तुम्हाला उशीर होत नसेल तर.”

“उशीर कसला? गिऱ्हाईक न्हाय, काय न्हाय,” मडिवाळप्पा म्हणाले. “चालवा तुमी.”

रुद्राणीने पुन्हा सहा पस्तीस लावले. गुरुबसप्पांनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली आणि जमिनीवर, आपल्या चपलेशेजारी ठेवली. रुमालाने खुर्चीची बैठक एकदा झटकली. मग उजवा हात स्टेअरिंगवर ठेवला आणि डावा त्या मोकळ्या खुर्चीसमोर आडवा धरला, आधीपासूनच.

“काका, दोन्ही हात—”

“असू दे गं,” मडिवाळप्पा म्हणाले.

पडद्यावर ऊस सुरू झाला. ट्रॉल्या कुठेतरी पुढे होत्या, नेहमीप्रमाणे जागा बदलून. गुरुबसप्पांनी अनवाणी पाय हळूच दाबला. गाडी चाळीसवर गेली आणि चाळीसवरच राहिली.