कमी पळालेली गाडी

घरात गाड्यांचे दोन जाणकार होते, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. बाबा ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे. अर्ध्या गावाची पोरं त्यांच्या हाताखालून गेली होती, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. आई इस्पितळाच्या अपघात विभागात नर्स होती. मास्तरांनी रस्त्यावर सोडलेल्यांपैकी एखादा कधीतरी स्ट्रेचरवरून तिच्याकडे यायचा, आणि भांडणात ती हे हमखास ऐकवायची.

या खेपेला भांडण चिमीवरून होतं. चिमीला डोंगराखालच्या गावात, चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली होती. पाळी इतक्या सकाळची की बस मिळणं शक्य नव्हतं. लायसन्स हातात येऊन जेमतेम महिना झाला होता. मास्तरांनी तिच्यासाठी आजोबांची, म्हणजे आण्णांची, गाडी बाहेर काढली. आजोबा गेल्यापासून ती ताडपत्रीखाली उभी होती.

"पत्रा बघ हा," मास्तर बॉनेटवर थाप मारून म्हणाले. "आताच्या गाड्या म्हणजे बिस्किटाचे डबे. आणि ही पळालीय किती? आण्णा बाजारापलीकडे कधी गेलेच नाहीत."

"एअरबॅग आहे?"

"अगं, तेव्हा एअरबॅग कुठे होत्या!"

"पत्रा चेपत नाही ना, तेव्हा आतलं माणूस चेपतं," आई म्हणाली. "आणि नवशिक्या पोराला तर सगळ्यात चांगली गाडी द्यायला हवी. तुम्ही देताय सगळ्यात जुनी."

"जुन्या गाडीवर शिकलेला माणूस जपून चालवतो. सगळं गाडीनेच केलं तर चालवणाऱ्याने काय माश्या मारायच्या?"

चिमी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. शेवटी म्हणाली, "माझी नोकरी सोमवारपासून आहे. तोवर ठरवा."

मास्तरांनी चारही चाकं काढून ब्रेक साफ केले, नवे पॅड टाकले, टायर बदलले, ड्रायव्हरच्या बाजूचा पट्टाही नवा बसवला. आईने एकच अट घातली. पहिल्या दिवशी ती स्वतः शेजारी बसणार.

सोमवारी गाडी एका चावीत सुरू झाली. मास्तर फाटकात कमरेवर हात ठेवून उभे होते. मुलगी नोकरीला निघाल्यापेक्षा गाडी सुरू झाल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर जास्त दिसत होता, असं आईला वाटलं.

गावाबाहेर पडेपर्यंत चिमीने बेताने चालवली. उताराच्या तोंडाशी तिने आपणहून खालचा गिअर टाकला. आईने नकळत आपल्या बाजूच्या रिकाम्या जागेवर पाय दाबून धरला होता.

"आई, तिथे ब्रेक नाहीये."

"माहितीय."

दोघी हसल्या. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वळणाआधी चिमीने ब्रेक दाबला आणि तिचा पाय थेट खाली गेला.

तिने पाय उचलून पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. आईने तिचा गुडघा वर-खाली होताना पाहिला आणि तिला कळलं. गाडीचा वेग वाढत होता. उजवीकडे दरी होती, डावीकडे खडकाची भिंत, आणि समोर लाकूड भरलेला ट्रक त्याच दिशेने सरपटत उतरत होता.

"चिमे..."

"ब्रेक गेला."

वॉर्डात रक्ताच्या थारोळ्यातही आईचा हात कापायचा नाही. आता मात्र तिने काही विचार न करता हँडब्रेकवर झडप घातली.

"हात लावू नकोस!" चिमी ओरडली. तिने कोपराने आईचा हात झटकून टाकला. "एकदम ओढलास तर गाडी फिरेल!"

तिने क्लच दाबून दुसरा गिअर टाकला. इंजिन किंचाळलं, दोघी पुढे झुकल्या. मग तिने स्वतः हँडब्रेक थोडा ओढला, सोडला, पुन्हा थोडा ओढला. वेग मोडला, पण पुरेसा नाही. ट्रकच्या मागचे ओंडके जवळ आले, त्यांच्या कापलेल्या तोंडांवरची वर्तुळं दिसू लागली. चिमीने हॉर्नवर हात दाबून धरला. ट्रकवाल्याला वाटलं, कुणाला तरी पुढे जायची घाई झालीय. त्याने खिडकीतून हात काढून 'थांब' असा इशारा केला.

"थांबायचंच आहे रे बाबा," चिमी दातओठ खाऊन म्हणाली.

ट्रकच्या अलीकडे, पाण्याच्या टाकीकडे चढणारी एक कच्ची वाट डावीकडे फुटत होती. तोंड अरुंद होतं. चिमीने पहिला गिअर कोंबला, करकरत पडला तो, आणि स्टिअरिंग वळवलं. गाडीची डावी बाजू खडकाला घासत गेली. काच फुटली. गाडी चढावर उसळली, हँडब्रेक पूर्ण ओढला गेला, आणि बंद पडून ती एका मातीच्या ढिगात रुतली.

आईचं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं होतं. तिचा जुना पट्टा सैल दोरीसारखा मांडीवर लोळत होता. धक्का बसला तेव्हा त्याने तिला धरून ठेवलंच नव्हतं.

"आई! इकडे बघ. माझ्याकडे बघ."

"बघतेय. मला काही झालं नाही. तू कशी आहेस?"

स्टिअरिंगवरची बोटं चिमीला सोडवता येत नव्हती. आईने एकेक बोट हळूच सुटं केलं आणि तिला जवळ घेतलं, तेव्हा कुठे पोरगी रडली.

आईचा फोन मिळताच मास्तर स्कूलच्या गाडीने आले. आधी त्यांनी मुलीला चाचपून पाहिलं, मग बायकोचं कपाळ. मग ते गाडीखाली शिरले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आई वाकून बघायला गेली, तर ते उताणे पडून एक रबरी नळी बोटांत धरून होते. नळी उभी फाटली होती, त्यातून तेल ठिबकत होतं.

"ब्रेकचा पाइप," ते म्हणाले. "उभ्या-उभ्या कुजला. माझा हात पोचला होता गं इथपर्यंत. फडक्याने पुसला, वरून चांगला दिसला."

घरून निघाल्यापासून आईने मनात एक वाक्य तयार ठेवलं होतं. 'मी म्हणत होते ना' हेच ते. ते आता तिच्या तोंडून फुटेना. नवऱ्याचा चेहरा तेलाने आणि मातीने बरबटला होता.

"तिने एकदम हँडब्रेक ओढला नाही," ती म्हणाली. "मी ओढणार होते. तुम्ही शिकवलं होतंत तिला."

"शिकवलं ते खरं. पण बसवलं कशात?" मास्तर बाहेर सरकले आणि बसले. "शिकवण्याच्या जोरावर गाडीची उणीव भरून काढायला निघालो होतो मी. आज ती कच्ची वाट नसती, तर?"

ती गाडी नंतर रस्त्यावर आली नाही. भंगारवाला घेऊन गेला तेव्हा मास्तर घरात थांबले.

चार-पाच दिवस चिमीचे काका तिला कारखान्यात सोडून आले. मग एका सकाळी तिने स्कूलची गाडी मागितली. नव्या बांधणीची, एअरबॅगवाली, टपावर 'शिकाऊ' अशी भली मोठी पाटी.

"पाटी काढून देतो," मास्तर म्हणाले.

"राहू दे. लोक लांब राहतात."

आई कपाळावरच्या पट्टीसकट दार उघडून शेजारी बसली. चिमीने इंजिन सुरू केलं नाही.

"आई, उतर."

"आजच्या दिवस येते."

"तू बसलीस की माझं लक्ष तुझ्या पायाकडे जातं. मला रस्त्याकडे बघायचंय."

आईने नवऱ्याकडे पाहिलं. ते फाटक उघडायला गेले. ती उतरली.

गाडी कोपऱ्यापर्यंत गेली, थांबली, आणि वळली.

"इंडिकेटर दिला तिने," मास्तर म्हणाले.

"बघितलं मी," आई म्हणाली. रस्ता रिकामा झाला तरी दोघं तिथेच उभी होती.