बिनकुलपाचे मीटर

शनिशिंगणापुरात सहादेवांच्या तेलघाण्यावर नवे मीटर बसवण्याचे काम तौफिकला प्रथमच एकट्याला मिळाले होते. संध्याकाळी त्याचे उस्ताद फैयाजचाचा श्रीरामपूरहून तपासायला येणार होते. आकडे जुळले, तर यापुढची कामे त्याची. चुकले, तर पुन्हा उस्तादांमागे शिडी धरून उभे राहणे.

काम नाजूक होते. ठरावीक वीज खर्च झाली की मीटरने तारेवरून एक ठोका, म्हणजे पल्स, पाठवायचा. दुकानातल्या यंत्राने तो मोजून आकडा दाखवायचा. एका युनिटला शंभर ठोके, असे दोन्हीकडे ठरवले की झाले. तौफिकला माणसांपेक्षा हा संवाद सोपा वाटे. त्यात नजरेला नजर द्यावी लागत नसे.

पण जेवणानंतर दुकानातला आकडा उधळला.

"तौफिकभाई," सहादेव ओरडले, "घाना चालवतोय मी, का साखर कारखाना? दहापट दावतंय हे!"

तौफिकने मीटर पाहिले. शंभराच्या जागी हजार ठोके होते. त्याने ते पुन्हा शंभरावर आणले. थोड्या वेळाने पाहतो, तर परत हजार.

"कुणीतरी बटण दाबतंय, काका. पासवर्ड लावतो. मीटरला कुलूपच लागेल म्हणा ना."

कुलूप म्हणताच सहादेवांच्या आई, गोजरबाई, चाळणी खाली ठेवून उठल्या. "घराला दार न्हाई, कपाटाला कडी न्हाई, आन् त्या डबड्याला कुलूप? शनिदेवाला काय सांगू मी?"

"आजी, खरं कुलूप नाही. नुसते चार आकडे."

"लपवायचेच ना? मंग कुलूपच की ते."

तौफिकने पासवर्डाचा विचार तिथेच सोडला. तो मीटरच्या खोलीत जाऊन शेंगदाण्याच्या पोत्यांआड बसला. दाराच्या जागी गोणपाटाचा पडदा. आत भरदिवसा काळोख. उदास माणसाला असा काळोख फार लवकर आपलासा वाटतो.

पडदा हलला. गोजरबाई आल्या, सरळ मीटरपाशी गेल्या आणि त्यांनी बटणावर अंगठा रोवला. काच निळी उजळली. त्या उजेडात त्या शेंगदाण्याचे माप हुडकू लागल्या. उजेड विझला की पुन्हा अंगठा. बटण दाबून धरले की मीटर सेटिंगमध्ये शिरे, आणि पुढच्या दाबाला शंभराचे हजार होत.

"आजी!"

"अगं बया! मुडद्या, पोत्यामागं काय करतोस?"

"चोर शोधतोय."

"घावला का?"

"घावला. माप हुडकतोय."

गोजरबाईंनी जीभ चावली. "अंधार लई हाय रं बाळा. मला वाटलं, माझ्या सोयीसाठीच दिवा बसवलास तू."

तौफिकने वर पाहिले. होल्डर रिकामाच होता. सबंध खोलीच्या तारा त्याने तपासल्या होत्या. बल्ब मात्र कुणालाच सुचला नव्हता.

संध्याकाळी फैयाजचाचांनी दोन्ही आकडे ताडून पाहिले. जुळले.

"पासवर्ड काय ठेवलास?"

"नाही ठेवला."

"मग कुणाच्या भरवशावर?"

तौफिकने नुसते वर बोट केले. चाचांनी बल्ब पाहिला; त्याखाली मापाने शेंगदाणे भरणाऱ्या, मीटरकडे ढुंकूनही न बघणाऱ्या गोजरबाई पाहिल्या. दाढीत हसत ते म्हणाले, "उद्या सोनईच्या गिरणीवर तूच जा. मी घरी झोपा काढणार."

"जी," तौफिक म्हणाला.

"आरं, हस की जरा!" गोजरबाई म्हणाल्या.

तो हसलाही, पण कुणी पाहू नये म्हणून, पडद्याबाहेर जाऊन.