ओबोचा एक सूर

मंचावर आल्याआल्या भय्यासाहेबांनी खिशातला फोन काढून समोरच्या स्टँडवर ठेवला, आणि अंबादासजींनी मांडीवरचा ओबो घट्ट धरला. त्या फोनमध्ये सूर देणारं यंत्र होतं.

वाद्यवृंदाची रीत अशी, की सुरुवातीला ओबो या फुंकून वाजवायच्या लाकडी वाद्याने एक सूर धरायचा आणि बाकीच्यांनी आपापली वाद्यं त्याला लावून घ्यायची. ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर अंबादासजी हे वाद्य शिकायला लागले होते. गढा मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरून येणारे आवाज ऐकून शेजारणीने त्यांच्या पत्नीला, सुमनबाईंना, विचारलंही होतं, "भाभीजी, बत्तख पाली है क्या?" वर्ष उलटलं तरी धड येत होता तो हा एकच सूर. तोही तालमीत कोणाची भुवई वर गेली की मधेच तुटायचा. "माझंच चुकलं," म्हणत ते वाद्य खाली घ्यायचे आणि बाकीचे अधांतरी लटकायचे.

अखेर लष्करी बँडमधून निवृत्त होऊन हा वाद्यवृंद चालवणारे भय्यासाहेब काल शांतपणे म्हणाले होते, "अंबादासजी, कार्यक्रमात मधे तोडला, तर यापुढे सूर फोन देईल. अन् ओबो मी परत नेईन." ओबो त्यांचाच होता.

आता सभागृह गप्प झालं. पहिल्या रांगेत सुमनबाई शाल ओढून खाली बघत बसल्या होत्या. अंबादासजींनी वाटीतल्या पाण्यात भिजवलेली रीड, ती वेताची पातळ जिभली, वाद्याला लावली, ओठांत धरली आणि फुंकलं.

सूर आधी थरथरला, मग उभा राहिला.

शेजारच्या सौमित्रने क्लॅरिनेट लावून पाहिलं आणि भुवई वर केली.

"काका, सूर उतरून राहिला तुमचा," तो पुटपुटला. "मी घरून लावून आणलं आहे."

असेलही. पोरगं लहानपणापासून वाजवतं, त्याचा कान खोटा कसा असेल? माफी ओठांपर्यंत आली, पण ओठांत रीड होती. ओबोत श्वास संपत नाही. इवल्या भोकातून तो जाणार किती? छातीत साठतो, शिळा होतो, आतून दाबत राहतो. अंबादासजींच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. वाद्य खाली घेतलं की सगळं संपणार होतं, दाबसुद्धा. भय्यासाहेब फोनकडे बघत होते.

त्यांनी सूर सोडला नाही.

सौमित्रने क्षणभर वाट पाहिली. मग मान हलवत क्लॅरिनेटचा सांधा फिरवून किंचित बाहेर ओढला, आपला सूर तेवढाच खाली आणला आणि पुन्हा फुंकलं. दोन्ही सूर एकमेकांत मिसळले. मागे व्हायोलिनवाल्यांच्या खुंट्या करकरल्या.

भय्यासाहेबांनी फोन उचलून खिशात टाकला आणि छडी हातात घेतली.

अंबादासजींनी ओबो मांडीवर टेकवला आणि आधी आतला सगळा श्वास बाहेर सोडला. सूर खरा होता की उतरलेला, हे त्यांना अजूनही कळलं नव्हतं. पण आता सगळ्यांचा तोच होता.