अंगठ्याला मऊ लागलेली सीट

मित्रांनो, मी सायकलची एक जुनी सीट आहे, पण माझ्याखाली आता सायकल नाही. एका लोखंडी स्टुलाच्या डोक्यावर मला बसवलं आहे आणि गाद्या-खुर्च्या शिवणारे एक वयस्कर गृहस्थ दिवसभर माझ्यावर बसून काम करतात. आमच्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगतात तेव्हा बहुधा गाऱ्हाणं मांडतात. आम्ही किती राबलो, लोकांनी आम्हाला कसं अडगळीत टाकलं, वगैरे. माझं तसं काही नाही. मला कुणी छळलं नाही. छळलं ते मीच, आणि जिला छळलं तिने माझ्याविषयी कितीतरी दिवस अवाक्षर काढलं नाही. म्हणून हे मलाच सांगायला हवं.

माझा जन्म कारखान्यातला. प्लॅस्टिकचा रुंद सांगाडा, त्यावर दोन बोटं जाड फोम, फोमवर जेलचा थुलथुलीत थर आणि वर गुळगुळीत काळं आवरण. शेवटच्या टेबलावर एक बाई प्रत्येक सीटवर अंगठा दाबून बघायच्या. मी त्यांच्या अंगठ्याखाली अलगद खचले आणि लगेच पुन्हा वर आले. "वा!" त्या म्हणाल्या. आयुष्यात ऐकलेला तो पहिला शब्द. तेव्हापासून अंगठा खूश झाला की आपलं सार्थक झालं, असं मी समजून बसले.

सायकलच्या दुकानातही तेच झालं. माझ्या शेजारच्या खुंटीवर एक बारकी, कडक, मधोमध खाच असलेली सीट टांगलेली होती. लोक तिला दाबायचे, "बाप रे, दगड आहे नुसता!" म्हणायचे आणि माझ्याकडे वळायचे. मी मनातल्या मनात तिला खूप हसले. आता त्या हसण्याची लाज वाटते.

एके दिवशी दुकानात गादीमास्तर आले, आज माझ्यावर बसून काम करतात तेच. सोबत त्यांची मुलगी होती. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत, आणि पंचवीस वर्षांची झाली तरी तिचं नाव भिंगरीच राहिलं होतं. गावामागच्या डोंगरावर सायकलवरून गस्त घालणारं एक पथक होतं. वाट चुकलेल्यांना शोधायचं, पडलेली झाडं बाजूला करायची, कुणी जखमी झालं तर खाली आणायचं, हे त्यांचं काम. त्या पथकात एक जागा निघाली होती आणि तीन महिन्यांनी परीक्षा होती. दोन दिवस डोंगरातून सायकल चालवायची, शेवटपर्यंत पोचेल त्याचाच जागेसाठी विचार. भिंगरीने त्यासाठी जुनी डोंगरी सायकल घेतली होती. तिची सीट फाटकी होती. "सीट माझ्याकडून," मास्तरांनी जाहीर केलं होतं.

मास्तरांनी खुंट्यांवरच्या सगळ्या सीटवरून अंगठा फिरवला आणि माझ्यापाशी थांबले. दुकानातल्या मिस्त्रीकाकांनी हातातला पाना खाली ठेवला.

"मास्तर, ही बागेत चक्कर मारायला ठीक आहे. डोंगराला नको."

"का? मऊ ते मऊच."

"डोंगरावर अंगठा बसत नाही हो, माणूस बसतो. तोही तासन् तास."

"चाळीस वर्षं लोकांना बसवतोय मी," मास्तर हसले. "बसणं काय असतं ते मला शिकवता?"

"बरं, पोरीला तरी विचारा."

सगळे भिंगरीकडे बघू लागले. तिची नजर त्या खाच असलेल्या कडक सीटवर होती. मग तिने वडिलांचा चेहरा पाहिला. त्यांचा अंगठा अजून माझ्यात रुतलेला होता आणि चेहऱ्यावर अशी खुशी होती की ती मोडायची तिला छाती झाली नाही.

"छान आहे, बाबा," ती म्हणाली.

आणि मी फुशारून गेले.

मास्तरांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. लाकडी टेबल, जाड धाग्यांची रिळं, वाकड्या सुया, कोपऱ्यात पोट फाडून ठेवलेल्या खुर्च्या. तिथेच भिंतीला सायकल टेकवलेली असायची, त्यामुळे त्यांचं काम मी जवळून पाहिलं. कुणी खुर्ची घेऊन आलं की मास्तर कापड दाखवायचे नाहीत, रंग विचारायचे नाहीत. आधी विचारायचे, "कुठे टोचतंय?" गिऱ्हाईक सांगेल ते पेन्सिलीने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून घ्यायचे आणि तो तुकडा खुर्चीला बांधायचे. ती एक गोष्ट नीट लक्षात ठेवा.

घरी आणल्यावर त्यांना राहवेना. त्यांनी माझ्यावर पातळ फोमचा आणखी एक थर चढवला, वर मरून रंगाचं जाड रेक्झिन ताणलं आणि कडेने पायपिंग, म्हणजे गोल, फुगीर किनार शिवली. पायपिंग लावल्याशिवाय त्यांच्या हातून कधी काही बाहेर पडलं नव्हतं. भिंगरीची आई दारात उभी राहून बघत होती. "या माणसाला कुणी उभं दिसलं की त्याच्याखाली गादी सरकवावीशी वाटते," ती म्हणाली, आणि तिघंही हसली. मी तर सोफ्याच्या खानदानात जन्मल्यासारखी ऐटीत होते.

पहिला अर्धा तास मी खरंच छान असायचे. मग चढ लागायचा, भिंगरी जोर लावायची आणि मी खचत जायचे. मित्रांनो, बसताना माणसाचा भार खालच्या दोन हाडांवर पडावा लागतो. माझ्या मऊपणात ती हाडं बुडायची आणि भार भलत्याच नाजूक जागी पडायचा. तिथे आधी मुंग्या यायच्या, मग सगळं बधिर व्हायचं. माझ्या रुंद कडा प्रत्येक पायडलला तिच्या मांड्यांना घासायच्या. ती पायडलवर उभी राहून चालवायची, थकून पुन्हा बसायची, पुन्हा उठायची. बसायला म्हणून घेतलेल्या सीटवर तिला बसवत नव्हतं. मला हे कळत नव्हतं असं नाही. तिचं कण्हणं माझ्याइतकं जवळून दुसऱ्या कुणी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी घरी आली की मास्तर टेबलावरून मान वर करून विचारायचे, "मऊ आहे ना गं?"

"एकदम, बाबा."

मग आतल्या खोलीत आई मलमाची डबी काढायची. मधलं दार अर्धवट उघडं असायचं.

"अगं, किती सोलवटलंय! सांगून टाक ना त्यांना."

"नको गं आई. किती हौसेने शिवलीय त्यांनी. तोंड पडेल त्यांचं."

"तोंडाचं काय, आज पडेल उद्या वर येईल."

"परीक्षा होऊन जाऊ दे. मग बघू."

दुसऱ्या महिन्यात माझ्या उजव्या कडेचा एक टाका सुटला. त्या टाक्याची आठवण मला अजून सोडत नाही. तेव्हा मी फाटले असते तर सगळं सुटलं असतं. फाटलेली सीट बदलताना कुणाचं मन मोडत नाही, कुणाला काही सांगावं लागत नाही. पण मला 'टिकाऊ' म्हणवून घ्यायचं होतं ना! मी दगडांवर आपटले, चिखलात माखले, पण ते रेक्झिन घट्ट धरून बसले. पुढे मास्तरांना तो टाका दिसला आणि त्यांनी मेण लावलेल्या धाग्याने तिथे दुहेरी शिवण घातली. "आता दहा वर्षं बघायला नको," ते कौतुकाने म्हणाले. वस्तूच्या हातात असं काय असतं, असं तुम्ही म्हणाल. नसेलही. पण त्या दिवशी मला आनंद झाला होता, तो तर माझाच होता.

परीक्षेचा पहिला दिवस तिने दात-ओठ आवळून काढला. दुसऱ्या दिवशी शेवटचा उतार लागला. तीव्र उतारावर डोंगरी सायकल चालवणारा सीटच्या मागे सरकतो, म्हणजे सायकल पुढे कोलमडत नाही, आणि वळण आलं की झटकन पुन्हा पुढे येतो. भिंगरी मागे सरकली. खाली वळण आलं. ती पुढे यायला गेली आणि तिच्या ढगळ निळ्या हाफ पँटचं कापड माझ्या पायपिंगमध्ये अडकलं. फार नाही, एखादा क्षण. तेवढ्यात वळण निघून गेलं. सायकल दगडावर चढली आणि ती डाव्या खांद्यावर पडली.

ज्या पथकात जायचं तिने मनाशी धरलं होतं, त्याच पथकाच्या लोकांनी तिला स्ट्रेचरवर घालून खाली आणलं. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

सायकल घ्यायला मास्तर एकटे आले. घरी आणून त्यांनी ती भिंतीला टेकवली आणि ओलं फडकं घेऊन मला पुसू लागले. उजव्या कडेला त्यांचा हात थांबला. पायपिंगच्या शिवणीत निळ्या कापडाचे धागे अडकले होते. त्यांनी ते चिमटीने ओढून काढले. दवाखान्यातून आणलेल्या पिशवीत भिंगरीची हाफ पँट होती. ती त्यांनी पसरली, फाटलेल्या जागी ते धागे लावून पाहिले आणि तिथेच जमिनीवर बसले. चाळीस वर्षांत ते दुकानात कधी जमिनीवर बसल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

आई बाहेर आली. तिला काही सांगावं लागलं नाही.

"तीन महिने मलम लावतेय पोर," ती म्हणाली.

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"तुम्ही विचारलंत?"

"अगं, रोज विचारत होतो!"

"रोज 'मऊ आहे ना' विचारत होतात. त्यावर ती काय बोलणार? गिऱ्हाइकाला विचारता तसं एकदा तरी विचारलंत का लेकीला?"

 मास्तरांनी कात्री घेतली आणि माझं पायपिंग उसवायला सुरुवात केली. त्यांचीच दुहेरी शिवण, लवकर उसवेना. शेवटी रेक्झिन निघालं, कारखान्याचं आवरणही निघालं. आतला फोम बसून बसून चपटा झाला होता आणि जेल एका बाजूला सरकलं होतं. वरून मी नव्यासारखी दिसत होते. त्यांनी त्या फोमवर अंगठा ठेवला आणि लगेच काढून घेतला.

भिंगरी गळ्यात हात अडकवून घरी आली, तेव्हा त्यांनी तिला टेबलासमोरच्या खुर्चीवर बसवलं. पुठ्ठ्याचा तुकडा घेतला, पेन्सिलीला टोक केलं.

"कुठे टोचत होतं?" त्यांनी विचारलं.

 ती हळूहळू सांगू लागली. मुंग्या, मांड्या, कडा, पायपिंग. एका तुकड्यावर मावेना, त्यांनी दुसरा घेतला.

"रागावला नाहीत ना, बाबा?"

"टोचतंय म्हणून सांगणाऱ्या गिऱ्हाइकावर मी कधी रागावलोय का?" ते म्हणाले. पण पुढचं अक्षर त्यांना दोनदा खोडावं लागलं.

हाड जुळल्यावर दोघं पुन्हा मिस्त्रीकाकांकडे गेले. मलाही पिशवीतून नेलं होतं, पुरावा म्हणून. काकांनी बाकावर नालीदार पुठ्ठा ठेवला आणि भिंगरीला त्यावर बसायला सांगितलं. ती उठली तेव्हा पुठ्ठ्यात दोन खळगे उमटले होते. मास्तरांनी खिशातली टेप काढून त्यांच्यातलं अंतर मोजलं, आणि त्या मापाच्या सीट काकांनी पुढ्यात ठेवल्या. सगळ्या कडक, घट्ट विणीच्या आवरणाच्या, गोलसर गुळगुळीत कडांच्या. मास्तरांचा अंगठा सवयीने पुढे गेला. त्यांनी तो मुठीत धरला आणि हात खिशात घातला. काका पुटपुटले, "सुधारले म्हणायचे." दोन सीट आठ-आठ दिवस चालवून तिने परत केल्या. तिसरी ठेवली. ती माझ्या शेजारची, मधोमध खाच असलेलीच होती. पहिल्या लांब फेरीनंतर मास्तरांनी दारातच विचारलं, "कुठे टोचतंय?" भिंगरी म्हणाली, "पुढच्या टोकाला. थोडं." तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला की जणू तिने शाबासकी दिली. त्यांनी पाना घेतला आणि टोक केसभर खाली केलं.

पुढच्या वर्षी पथकात पुन्हा एक जागा निघाली. ती आता भिंगरीची आहे.

मला फेकून द्या, असं आई म्हणाली होती. मास्तरांनी ऐकलं नाही. चपटा फोम काढून टाकला, सांगाड्यावर साधं कापड ओढलं आणि मला स्टुलावर ठोकलं. हल्ली ते माझ्यावर बसून शिवतात. एकावर एक बसलेले दोन गुन्हेगार आहोत आम्ही. त्यांना मी नक्कीच टोचत असेन, पण ते बदलत नाहीत.

मित्रांनो, डोंगरावर जाणार असाल तर सीट अंगठ्याने निवडू नका. तिच्यावर बसा, चालवा, दुखलं तर सांगा, आणि आवरण शाबूत असलं तरी आतला फोम बसला का ते बघत राहा. कुणाला प्रेमाने काही दिलंत तर 'आवडलं ना?' एवढंच विचारून मोकळे होऊ नका. त्या प्रश्नाला माया असलेलं माणूस एकच उत्तर देतं.

रोज संध्याकाळी दारात सायकल थांबते. मास्तर सुई रेक्झिनमध्ये खोचून विचारतात, "कुठे टोचतंय?" बहुतेक दिवशी भिंगरी म्हणते, "कुठेच नाही," आणि ते खरं असतं. गारठा असला की ती डावा हात उजव्या हाताने धरते आणि म्हणते, "सीट नाही बाबा, खांदा." मग मास्तर माझ्यावरून उठतात आणि गरम पाण्याची पिशवी आणायला आत जातात. ते परत येईपर्यंत मी रिकामी असते आणि ती माझ्यासमोर खांदा धरून उभी असते.